पंचाहत्तर टक्क्यांचं मीठ

हार्टफर्डपासून थोडंसं वर, कनेटिकट नदीच्या खोऱ्यात तंबाखू पिकते, हे इथे नोकरीला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्या आणि विमा कंपन्या म्हणजे त्यांची जुनी सॉफ्टवेअरं जिवंत ठेवणारे आपल्यासारखे लोक, एवढीच माझी समजूत. पण विंडसरच्या बाजूला गाडी वळवली की रस्त्याकडेला लांबलचक, रंग उडालेली लाकडी कोठारं दिसू लागतात. त्यांच्या भिंतींतल्या मधल्या मधल्या फळ्या बिजागऱ्यांवर बसवलेल्या असतात. आत पानं टांगायची आणि बाहेरची हवा बघून फळ्या उघडायच्या नाहीतर मिटायच्या.

१९०० च्या सुमारास इथल्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या शेतांवर पातळ कापडाचे मांडव घालायला सुरुवात केली. सुमात्राहून येणारं पातळ, तुकतुकीत पान बाजार खात होतं. तसं पान उघड्या उन्हात होईना, म्हणून ऊन गाळून घ्यायचं आणि मांडवाखालची हवा दमट राखायची. सिगारचं सगळ्यात बाहेरचं वेष्टन या पानाचं होतं. कोठारात सुकलेलं हे पान इतकं कुरकुरीत होतं की हात लावला तर चुरा व्हावा. त्यामुळे ते उतरवायला लोक पावसाळी, धुकट दिवसाची वाट बघत. हवेतला ओलावा पिऊन पान चामड्यासारखं मऊ झालं की मगच खाली घ्यायचं. पान स्वतःच आर्द्रतामापक होतं, आणि त्याला कधी बॅटरी लागली नाही.

आमचे शेजारी शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत अशाच मांडवांखाली कामाला जात. तेव्हा इथली बरीच पोरं जायची. आता त्यांची सत्तरी उलटली आहे आणि मनातल्या मनात मी त्यांना आबा म्हणतो. ज्या माणसाने पान बोटांनी ओळखायला शिकून घेतलं, तो सिगारची पेटीही बोटांनी चाचपून सांभाळत असेल असं कुणालाही वाटेल. पण आबांच्या पेटीत हवेतला ओलावा मोजणारे चार बिनतारी सेन्सर आहेत, चारही वेगवेगळ्या बनावटीचे. त्यांची ॲप एकाच फोनवर आहेत आणि रात्री-अपरात्री तो फोन किणकिणतो. मी कॉम्प्युटरवाला असल्यामुळे या पेटीच्या राजकारणात ओढला गेलो. सिगार मी कधीमधीच ओढतो, तीही बाहेर अंगणात. घरात बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मला रस त्या आकड्यांत.

सिगारच्या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. आतून बहुधा स्पॅनिश सीडरचं अस्तर असतं. हे लाकूड ना स्पेनचं, ना देवदाराच्या जातीचं. झाड मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं, आणि कुळ आपल्या कडुनिंबाचं. पेटीतली सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान २१ अंशांच्या आसपास असावं असा रिवाज आहे. फार कोरडं झालं तर वेष्टन तडकतं आणि सिगार कडक, तिखट लागते. बरेच दिवस ७५ च्या वर राहिलं तर बुरशी. चोविसेक अंशांच्या वर गेलं तर पानातच दडलेली तंबाखूच्या किड्याची अंडी उबायची भीती. हा किडा एवढासा असतो, पण सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पाडून बाहेर पडतो.

इथे हिवाळ्यात पेटीबाहेर काय चाललेलं असतं ते आधी बघू. बाहेर उणे ५ अंश, आर्द्रता ८० टक्के. ऐकायला दमट वाटतं, पण त्या थंड हवेच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम पावणेतीन ग्रॅम वाफ असते. तीच हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिच्यात अठरा ग्रॅमपर्यंत वाफ मावू शकते, असते मात्र पावणेतीनच. म्हणजे सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांवर आली. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचा श्वास यांची भर पडून घरात वीस-पंचवीस होते, एवढंच. जानेवारीत माझ्या हातांच्या टाचा होतात त्या यामुळे. अशा घरात ७० टक्क्यांची पेटी टिकवायची म्हणजे तिच्यातून वाफ सतत बाहेर पळायला बघणार, आणि आबा सतत फोनकडे बघणार.

तर त्या फोनवर एका संध्याकाळी चार आकडे होते: ६४, ६७, ६९ आणि ७१. एकाला तर दशांश चिन्हापुढचा आकडाही होता, ६९.४. आबांचा विश्वास साहजिकच त्याच्यावर. दशांश चिन्ह दिसलं की आपली मान आपोआप लवते. पण पडद्यावर किती बारीक आकडा दिसतो याचा तो आकडा खरा असण्याशी काही संबंध नसतो. स्वस्तातल्या सेन्सरच्या माहितीपत्रकात अधिक-उणे ५ टक्के लिहिलेलं असतं, बऱ्यापैकी सेन्सरच्या ३ किंवा २, आणि उत्तम म्हणवणाऱ्यांच्या दीड-एक. अधिक-उणे ३ चा सेन्सर असेल तर पेटीत खरोखर ६७ असताना त्याने ६४ दाखवलं काय आणि ७० दाखवलं काय, दोन्ही वेळा तो दिलेल्या शब्दाला जागला.

मी पहिल्यांदा विचारलं ते मात्र तापमान. चौघांपैकी एक झाकणाला आतून चिकटवलेला होता आणि झाकणावर टेबललँपचा उजेड. एक तळाशी, आणि पेटी तळघराच्या बाहेरच्या भिंतीला लागून. सापेक्ष आर्द्रता ही वाटणीची गोष्ट आहे: असलेली वाफ भागिले मावू शकणारी वाफ. वाफ तितकीच ठेवून हवा एका अंशाने तापवली तर मावण्याची जागा सुमारे ६ टक्क्यांनी वाढते आणि ७० वरचा आकडा ४ ने खाली येतो. एका अंशाला चार टक्के! झाकण आणि तळ यांच्यात एवढा फरक सहज असू शकतो. म्हणजे दोन सेन्सर तंतोतंत खरं बोलत असूनही त्यांच्यात चारचा वाद असू शकतो, कारण ते वेगवेगळ्या हवेबद्दल बोलत असतात. आर्द्रतेचा सेन्सर विकत घेताना लोक आर्द्रतेची अचूकता वाचतात. तापमानाचीही वाचावी. तळहातावर सेन्सर धरून ‘हा बघ किती कमी दाखवतो’ म्हणणाऱ्याने तर आधी हात बाजूला घ्यावा.

याला एक उलटी बाजूही आहे, आणि ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते. वरचा हिशेब रिकाम्या पेटीचा. पेटी सिगारनी गच्च भरलेली असेल तर हवेतली वाफ नगण्य असते. खरा पाण्याचा साठा पानांत आणि लाकडात असतो, आणि हवेची आर्द्रता तेच ठरवतात. अशी पेटी सगळीच हळूहळू तापली तर पान आणि लाकूड थोडी वाफ सोडतात आणि आर्द्रता पडण्याऐवजी किंचित चढते. वस्तुसंग्रहालयांत बंद काचपेट्या सांभाळणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. त्यामुळे नुसता आलेख बघूनही पेटी भरलेली आहे की रिकामी याचा अंदाज बांधता येतो. तापमानाची रेघ वर जाताना आर्द्रतेची खाली घसरत असेल, तर सिगार संपत आल्या आहेत असं समजावं. आबांच्या सौ.ना हे मी सांगितलेलं नाही.

मग चारही सेन्सर काढून एकमेकांना खेटून एका डब्यात रात्रभर ठेवले. आता हवा एकच. तरीही फरक उरला, थोडा कमी, पण उरला. हा मात्र ज्याचा त्याचा. यातला खरा कोण हे ठरवायला चौघांची सरासरी काढून चालत नाही. बाहेरचा साक्षीदार लागतो. तो स्वयंपाकघरात असतो.

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालून समुद्रकाठच्या ओल्या वाळूइतपत भिजवायचं. विरघळवायचं नाही, न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे, सगळी गंमत तिथेच आहे. ते झाकण आणि सेन्सर एका छोट्या हवाबंद पिशवीत ठेवायचे, मीठ सेन्सरला लागू द्यायचं नाही, आणि पिशवी घरात जिथे तापमान हलत नाही अशा जागी रात्रभर, शक्यतो दिवसभर, ठेवून द्यायची. आतली हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. हवा त्याहून कोरडी असेल तर मिठाच्या राबडीतलं पाणी उडतं आणि तेवढंच मीठ पुन्हा खडा धरतं. हवा जास्त दमट असेल तर मीठ वाफ ओढतं आणि थोडं आणखी विरघळतं. दोन्हीकडून ते त्याच आकड्यावर परत येतं. पाणी जास्त झालं आणि मीठ सगळं विरघळलं तर हा तोल जातो आणि हवा ७५ च्या वर जाऊन बसते. मग चांगल्या सेन्सरवर कमी दाखवत असल्याचा आळ नाही, उलट जास्त दाखवत असल्याचा आळ येतो.

हा आकडा कुणाच्या मनातला नाही. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या लुईस ग्रीनस्पॅन यांनी १९७७ मध्ये निरनिराळ्या क्षारांच्या संपृक्त (म्हणजे आणखी क्षार विरघळणार नाही अशा) द्रावणांवरच्या आर्द्रतेचे तक्ते प्रसिद्ध केले, आणि आजही प्रयोगशाळा त्यांचा आधार घेतात. साध्या मिठाचा आकडा २० अंशांना ७५.५, २५ अंशांना ७५.३, ३० अंशांना ७५.१. दहा अंश तापमान बदललं तरी अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. इतर बरेच क्षार एवढे शांत स्वभावाचे नाहीत. घरी तापमान नेमकं राखता न येणाऱ्या माणसाला याहून सोयीचा साक्षीदार मिळणार नाही, आणि तो किलोला किती पैशांना मिळतो ते सांगायला नको.

माझं लहानपण रत्नागिरीकडचं, त्यामुळे ७५ हा आकडा मी कळत नसल्यापासून ओळखतो. जुलै लागला की मिठाच्या बरणीत पाणी सुटायचं, डब्यातले पापड सादळायचे, आणि दळलेल्या मिठाच्या डबीत आई तांदळाचे दाणे टाकायची. कोरड्या मिठाचा खडा हवेची आर्द्रता ७५ ओलांडेपर्यंत कोरडा राहतो आणि त्याच्या वर ओघळायला लागतो. पिशवीतल्या झाकणात जे घडतं तेच, फक्त पिशवीच्या जागी सगळं कोकण. खडेमीठ मात्र त्याआधीच ओलं व्हायचं. मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड मागे राहिलेलं असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी ओढायला सुरुवात करतं. म्हणून सेन्सर तपासायला स्वच्छ, दळलेलं मीठ घ्यावं. ‘नैसर्गिक’, करड्या रंगाचं, महागडं समुद्री मीठ इथे दुकानात मिळतं. ते कोशिंबिरीवर छान लागत असेल.

तेच मॅग्नेशियम क्लोराइड शुद्ध मिळालं तर मात्र उपयोगाचं. त्याच्या राबडीवर ३३ टक्क्यांचा दुसरा बिंदू मिळतो. काही सेन्सरची चूक सगळीकडे सारखी असते, म्हणजे ७५ ला दोनने कमी तर ३३ लाही दोनने कमी. काहींची चूक आकड्यासोबत वाढत जाते. एकाच बिंदूवर तपासून हे दोन प्रकार वेगळे काढता येत नाहीत. गिटार किंवा कॅमेऱ्याची भिंगं सांभाळणाऱ्याला खालचा बिंदू हवाच. सिगारवाल्याला ६५ ते ७० च्या पट्ट्यातच राहायचं असतं आणि ७५ तिथून फार लांब नाही, तेव्हा एका बिंदूवर भागतं. आबांना हे पटलं नाही; त्यांनी दुसरा क्षार मागवलाच.

मोजमापाची ही हौस जुनी आहे. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक जगापुढे मांडला. केस उकळून त्याचा तेलकटपणा काढायचा आणि त्याला बारीक काटा जोडायचा. पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केस सुमारे दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, तेवढ्यावर काटा फिरतो. पण काटा फिरणं सोपं, शून्य कुठे आणि शंभर कुठे हे ठरवणं अवघड. जिनिव्हाचेच ज्याँ-आंद्रे देल्युक देवमाशाच्या मुखातल्या हाडासारख्या पट्टीचा मापक वापरत आणि पाण्यात बुडवून त्याचा वरचा बिंदू ठरवत. सोस्यूर ओल्या काचघंटेखालच्या हवेवर. दोघांच्या मापकांचे आकडे जुळेनात आणि वाद पेटला. एकाच गावातले दोन विद्वान, दोन काटे, एकच हवा. आबांच्या डब्याची ही मूळ आवृत्ती.

आताचा सेन्सर केस नाही, पण वागतो तसाच थोडासा. फिनलंडच्या वैसाला कंपनीने १९७३ मध्ये पातळ पॉलिमरच्या थराचा सेन्सर आणला, आणि आजचे बहुतेक सेन्सर त्याच तत्त्वाचे. दोन विद्युत-पट्ट्यांमध्ये पॉलिमर, ते हवेतली वाफ शोषतं. पाणी वीज साठवण्याच्या बाबतीत पॉलिमरपेक्षा वीसेक पटीने सरस, त्यामुळे थोडीशी वाफ शिरली तरी फरक मोजता येतो. पण जे वाफ शोषतं ते इतर गोष्टीही शोषतं. रंग, गोंद, स्पिरिट, सुगंधी द्रव्यं यांची वाफ त्या थरात जाऊन बसते आणि आकडा सरकतो. आणि सिगारची पेटी म्हणजे तर वासांचं माहेरघर: मुरणाऱ्या तंबाखूतून अमोनिया निघतो, सीडरची तेलं वेगळीच. कागदावर वर्षाला पाव टक्क्याहून कमी सरकेल असं लिहिलेला सेन्सर अशा जागी तो शब्द पाळेलच असं नाही. ऐंशीच्या वर काही दिवस राहिलेला सेन्सर बाहेर काढल्यावरही काही काळ दोन-तीन टक्के चढाच दाखवतो. नवी पेटी ओली करून ‘तयार’ करताना तोच सेन्सर आत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवायचा, हे बरेच जण करतात.

बिनतारी असण्याचा खरा फायदा मला मिठाच्या पिशवीतच दिसला. जुना काट्याचा किंवा पडद्याचा मापक वाचायला पुष्कळजण पिशवी उघडतात, आणि उघडली की खोलीची हवा आत. इथे पिशवी बंदच, आकडा फोनवर, आणि आकडा कधी स्थिरावला हेही आलेखात दिसतं. लाकूड या रेडिओ लहरींना फारसं अडवत नाही. धातूचं अस्तर असलेलं कपाट किंवा वाइनच्या फ्रिजचा ह्युमिडॉर केला असेल तर मात्र अडतात, आणि मग आकडा दिसत राहतो पण तो तासाभरापूर्वीचा असतो. ॲपमध्ये आकड्याखाली बारीक अक्षरात वेळ लिहिलेली असते. आकड्याआधी ती वाचावी.

तोटाही त्याच फोनमध्ये आहे. सिगार एका हवेतून दुसऱ्या हवेत गेली की तिला आतपर्यंत जुळवून घ्यायला दिवस, कधी आठवडे लागतात. सेन्सर काही सेकंदांत जुळवून घेतो. पेटी उघडली, आकडा ५८ वर कोसळला, फोन किणकिणला, आबा खाली धावले आणि काय झालं बघायला त्यांनी पेटी पुन्हा उघडली. आत सिगारना काहीच कळलेलं नसतं. मी इशाऱ्याला उशीर लावून दिला: बरेच तास सलग मर्यादेबाहेर राहिलं तरच आवाज. त्यानंतर आबांना रात्रीची झोप मिळाली, आणि पेटीलाही.

मिठाचे निकाल आल्यावर मात्र आमचं वाजलं. आबांना प्रत्येक ॲपमध्ये दुरुस्तीचा आकडा भरून चौघांकडून एकच उत्तर हवं होतं. माझं म्हणणं, काहीही भरू नका. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर तारीख आणि मिठातला आकडा लिहा. दुरुस्ती ॲपमध्ये भरली की पुढच्या वर्षी सेन्सर किती सरकला आणि आपण किती सरकवला, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय काही ॲपमध्ये ती दुरुस्ती फोनवरच राहते. फोन बदलला की गेली. आबा म्हणाले, तू विमावाला आहेस, तुला नोंदी लागतात, मला सिगार लागते. चारही सेन्सर ६९ वर आणून ते समाधानाने बसले.

फेब्रुवारीत त्यातला एक पुन्हा फुटून निघाला आणि ६६ म्हणू लागला. मी म्हटलं, मिठात टाका. आबांना आता मिठाचाच संशय, कारण मधल्या काळात घरात मिठाचा डबा नवा आला होता. त्यांनी मला विचारलं, ‘तुझ्या त्या ग्रीनस्पॅनने कुठलं मीठ वापरलं होतं?’

मी सांगितलं की त्यांचे तक्ते एका मिठाचे नाहीतच. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळी घेतलेली मोजमापं त्यांनी गोळा केली, ती एकमेकांशी पुरती जुळत नव्हती, आणि त्यातून विश्वास ठेवावा असा आकडा आणि त्याची अनिश्चितता त्यांनी काढली.

‘म्हणजे त्याच्याकडेही चार सेन्सर होते,’ आबा म्हणाले आणि चिकटपट्टी कुठे ठेवली आहे ते शोधायला लागले.